मेटल डिटेक्टर घ्या, पण आधी खड्डा बुजवायला शिका

प्रश्न: गेले काही महिने मी मेटल डिटेक्टरचे व्हिडिओ बघतोय आणि हा छंद डोक्यात पक्का बसलाय. आठवडाभर पडद्यासमोर बसून काम असतं. सुट्टीच्या दिवशी मोकळ्यावर फिरावं, काहीतरी शोधावं असं फार वाटतं. अकरा वर्षांची मुलगीही यायला एका पायावर तयार आहे. पण यंत्रं इतक्या प्रकारची आहेत की काही सुचत नाही. नवख्याने कुठलं घ्यावं? सेटिंग बदलून फक्त सोनं-चांदी शोधता येते का? सुरुवात कुठून करू? माझे मेव्हणे म्हणतात, दहा मीटर खोलवरचं सोनं दाखवणारं यंत्र मिळतं, घ्यायचं तर तेच घे. आणि घरात धाकधूक आहे की हे बेकायदेशीर तर नाही ना. – एक वाचक

उत्तर: मेव्हण्यांचं यंत्र आधी बाजूला ठेवू, कारण तिथे तुमचे पैसे सरळ बुडतील. दहा मीटर खोलवरचं सोनं ओळखणारं, हातात धरून फिरायचं यंत्र अस्तित्वातच नाही. 'लाँग रेंज लोकेटर' या नावाने जे विकलं जातं त्यात एक मूठ असते, तिच्यावर सैल बसवलेली अँटेना असते आणि 'सोनं', 'चांदी', 'हिरे' अशी बटणं असतात. हाताच्या नकळत होणाऱ्या हालचालीने अँटेना वळते आणि माणसाला वाटतं की यंत्राने दिशा दाखवली. याच जातीचं 'एडीई 651' नावाचं यंत्र बॉम्ब शोधतं असं सांगून इराकसह अनेक देशांना विकलं गेलं होतं. ते विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिक या ब्रिटिश व्यावसायिकाला 2013 मध्ये 10 वर्षांची शिक्षा झाली. त्या यंत्राचं मूळ होतं हरवलेले गोल्फचे चेंडू शोधण्याच्या नावाखाली विकलं जाणारं एक खेळणं. त्याच्या भरवशावर तपासणी नाक्यांवर माणसं उभी होती, आणि माणसं मेली. मेव्हण्यांना हे जरूर सांगा, म्हणजे ते स्वतःही फसणार नाहीत.

आता खरा डिटेक्टर. दांड्याच्या टोकाला जी गोल थाळी असते तिला कॉइल म्हणतात. तिच्यातल्या एका वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारी वीज जाते आणि जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्यात बारीक विद्युतप्रवाह फिरू लागतात, त्यांचं स्वतःचं चुंबकीय क्षेत्र बनतं आणि कॉइलमधलं दुसरं वेटोळं ते पकडतं. हा प्रतिसाद किती उशिराने येतो यावरून धातूचा साधारण अंदाज बांधता येतो. नाण्याएवढी वस्तू बहुतेक यंत्रांना 15 ते 20 सेंटिमीटरपर्यंत नीट कळते; माती चांगली असेल तर आणखी थोडी खोल. बादलीएवढी वस्तू त्याहून बरीच खोल कळते. पण नाण्यासाठी अर्धा मीटर म्हणणारी जाहिरात दिसली तर पुढे वाचूच नका.

या तत्त्वावरचा एक जुना प्रयोग प्रत्येक नवख्याला माहीत असावा. 1881 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफिल्ड यांच्यावर गोळीबार झाला. शरीरात अडकलेली गोळी शोधायला टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी असंच एक यंत्र बनवलं. यंत्र चालत होतं, तरी गोळी सापडली नाही. गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या, आणि डॉक्टरांनी फक्त उजवी बाजू तपासू दिली होती. गोळी होती डावीकडे. तुमच्याबाबतीत त्या स्प्रिंगांच्या जागी बुटाच्या टोकातलं पोलाद, खिशातला मोबाइल आणि कमरेला लटकवलेलं खुरपं येतं. डिटेक्टर उगाचच बडबडायला लागला की जमिनीवर संशय घेण्याआधी स्वतःला तपासा. डोक्यावरून विजेच्या तारा जात असतील तरी तो असाच बडबडतो.

कुठलं घ्यायचं? नवख्याने व्हीएलएफ प्रकारचं (कमी फ्रिक्वेन्सीवर चालणारं, सर्वसाधारण वापराचं), कमीत कमी सेटिंग असलेलं, वजनाला हलकं यंत्र घ्यावं. वजन दुकानात कळत नाही. दोन तास हलवल्यावर खांद्याला कळतं. पडद्यावर टार्गेटचा आकडा दिसायला हवा, ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा स्वतःचा आवाज वगळायची सोय, हवी आणि हेडफोन लावायची सोय हवी. 9 ते 11 इंची कॉइल पुरते. त्याहून मोठी कॉइल थोडी खोल पोहोचते, पण कचरा जास्त असलेल्या जागी तिच्याखाली एका वेळी तीन-तीन वस्तू येतात आणि चांगली वस्तू वाईटात लपते. समुद्रकिनाऱ्यावर जायचा बेत असेल तर एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं यंत्र बघा. ओली खारट वाळू स्वतःच वीज वाहून नेते, त्यामुळे एकाच फ्रिक्वेन्सीचं यंत्र तिथे सतत खोटे आवाज देतं. कोरड्या वाळूत मात्र ते व्यवस्थित चालतं. पल्स इंडक्शन नावाचा दुसरा प्रकार ओल्या वाळूत आणि खनिजं जास्त असलेल्या मातीत सरस ठरतो, पण तो लोखंड आणि चांदी यांत फारसा फरक करत नाही. सुरुवातीला त्याच्या वाटेला जाऊ नका. 'वॉटरप्रूफ' हा शब्दही नीट वाचा: कित्येक यंत्रांची कॉइल तेवढी पाण्यात चालते, वरचा डबा नाही.

यंत्राइतकाच पिनपॉइंटर महत्त्वाचा, असं माझं ठाम मत आहे. टॉर्चएवढी ही कांडी खड्ड्यात घालून वस्तू नेमकी कुठे आहे ते कळतं. मुख्य यंत्र थोडं साधं घ्या, पण पिनपॉइंटर घ्याच. तो नसला की लोक अंदाजाने भलामोठा खड्डा करतात, माती चिवडत बसतात आणि खुरप्याचा घाव वस्तूवरच घालतात.

आता तुमचा सोन्या-चांदीचा प्रश्न. इथे जरा सविस्तर लिहावं लागेल, कारण बहुतेक नवखे याच गैरसमजात पहिला उत्साह घालवून बसतात.

बऱ्याच यंत्रांवर 0 ते 99 असे आकडे दिसतात. तळाशी लोखंड, त्यावर अॅल्युमिनियमचा वर्ख, मधल्या पट्ट्यात बरंच काही, आणि वरच्या टोकाला तांबं व चांदी. हा आकडा धातूचं नाव सांगत नाही. वस्तू किती सहज वीज वाहून नेते, ती केवढी आहे, कशा आकाराची आहे, या सगळ्याची ती गोळाबेरीज असते. सोन्याची अंगठी येते मधल्या पट्ट्यात, आणि शीतपेयाच्या कॅनची तुटलेली कडीही नेमकी तिथेच येते. दोघींचा आकडा एक, आवाज एक. डिस्क्रिमिनेशन (ठरावीक आकड्यांचे आवाज बंद करायचं सेटिंग) लावून तुम्ही कडीचा आवाज बंद केलात की अंगठीचाही बंद केलात. बारीक साखळी तर वर्खाहूनही खाली दिसते, किंवा दिसतच नाही, कारण यंत्राला साखळी अख्खी कळत नाही, तिची एकेक कडी वेगळी कळते. उलट लोखंडाचा मोठा वॉशर किंवा बाटलीचं दातेरी झाकण ऐटीत चांदीचा आकडा दाखवतं. म्हणून सुरुवातीला आवाज पक्का असेल ते सगळं खणा, कचरा निघाला तरी खणा. लोखंडाचा अगदी तळचा पट्टा तेवढा बंद ठेवायला हरकत नाही.

कान तयार होतो तो असाच. सिग्नल मिळाला की लगेच वाकू नका. जागेवरच उभं राहून कॉइल त्याच्यावरून पुन्हा पुन्हा फिरवा, मग काटकोनात वळून दुसऱ्या बाजूने फिरवा. दोन्हीकडून आकडा जवळपास तोच आणि आवाज गोल, स्वच्छ आला तर वस्तू बहुधा खणण्याजोगी. आकडा उड्या मारत असेल, एका बाजूने आवाज आणि दुसऱ्या बाजूने शांतता असेल, तर गंजका खिळा असण्याची शक्यता जास्त. कॉइल वर उचलून बघा: हातभर उचलूनही आवाज तसाच खणखणीत येत असेल तर खाली पत्र्याचा डबा आहे. असे अंदाज आधी मनात बांधा, मग खणा आणि ताळा करा. यातली गंमत कोणी समजावून देऊ शकत नाही. काही आठवड्यांनी तुम्ही खणण्याआधीच 'कडी' म्हणाल आणि कडीच निघेल.

कॉइल फिरवण्यात एकच चूक सगळे करतात. झाडू मारल्यासारखी ती दोन्ही टोकांना वर उचलली जाते, आणि तेवढी खोली हातची जाते. जमिनीला जवळजवळ टेकून, समांतर, सावकाश फिरवा. प्रत्येक फेरीने आधीच्या फेरीचा निम्मा भाग पुन्हा झाकला पाहिजे. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्र किती क्षीण सिग्नल पकडेल ते सेटिंग, शेवटपर्यंत चढवायचा मोह आवरा. यंत्र शांत होईपर्यंत ती खाली आणा. शांत यंत्रातला क्षीण आवाज ऐकू येतो, किलबिलणाऱ्यातला नाही. माती बदलली की ग्राउंड बॅलन्स पुन्हा करा: धातू नसलेली जागा बघून कॉइल वर-खाली करायची आणि जमिनीचा आवाज मावळेपर्यंत थांबायचं.

पहिला सराव घराजवळच, स्वतःच्या हाताने पेरलेल्या वस्तूंवर करा. एक नाणं 5 सेंटिमीटरवर, एक 10 वर, एक 15 वर; एक आडवं, एक उभं; शेजारी एक खिळा, एक कडी. कुठे काय पुरलं ते कागदावर लिहा. उभं नाणं किती कमी आवाज देतं आणि खिळ्याशेजारचं नाणं कसं जवळजवळ गायब होतं, हे एकदा कानाने ऐकलं की पुस्तकी माहितीची गरज उरत नाही. ताज्या पुरलेल्या नाण्याचा आवाज वर्षानुवर्षं मातीत पडलेल्या नाण्यापेक्षा कधीकधी कमजोर येतो, तेव्हा लगेच यंत्राला दोष देऊ नका.

त्यानंतर ओळखीतल्या कोणाची तरी जमीन, मालकाच्या स्पष्ट परवानगीने. परवानगी लेखी घ्या, आणि काही मोलाचं सापडलं तर ते कोणाचं, हे त्याच कागदावर लिहून ठेवा. मैत्रीत लिहिणं अवघड वाटतं हे खरं, पण वस्तू सापडल्यानंतर लिहिणं त्याहून कितीतरी अवघड जातं. सार्वजनिक बाग किंवा किनारा असेल तर तिथल्या प्रशासनाला विचारा. संरक्षित स्मारक, किल्ला, देवस्थान, उत्खननाची जागा, जुनं दफनस्थान यांच्या आसपास यंत्र गाडीतूनही काढू नका.

घरच्यांची काळजी रास्त आहे. कायदा देशागणिक बदलतो आणि तो न पाहता सुरुवात करूच नये. इंग्लंड आणि वेल्समध्ये जमीनमालकाच्या परवानगीने शोध घेता येतो, पण 1996 च्या ट्रेझर अॅक्टच्या व्याख्येत बसणारी वस्तू सापडली तर 14 दिवसांत कळवावी लागते. फ्रान्समध्ये पुरातन वस्तूंच्या शोधासाठी सरकारी परवाना लागतो. आयर्लंडमध्ये अशा शोधाला पूर्वपरवानगीशिवाय थेट बंदी आहे. भारतात 1878 चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेलं मोलाचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक आहे, आणि संरक्षित स्मारकं व पुराणवस्तूंसाठी 1958 आणि 1972 चे वेगळे कायदे आहेत. तुम्ही जिथे यंत्र चालवणार तिथला नियम संबंधित कार्यालयातून समजून घ्या. व्हिडिओवाला कुठल्या देशात खणतोय हे तो सांगेलच असं नाही.

आता खणणं. हा भाग व्हिडिओत कापलेला असतो, आणि मालक तुम्हाला पुन्हा बोलावणार की नाही हे इथेच ठरतं. हिरवळीवर खुरप्याने तीन बाजू कापा, चौथी बाजू बिजागरीसारखी जोडलेली ठेवा आणि तो तुकडा मुळांसकट उलटा करा. सुटी माती शेजारी पसरलेल्या फडक्यावर काढा, गवतावर नाही. पिनपॉइंटर आधी उलट्या केलेल्या तुकड्यावर फिरवा, मग खड्ड्यात, मग फडक्यावरच्या मातीत. वस्तू बऱ्याचदा या तिसऱ्या जागी सापडते. मिळाली की खड्ड्यावर पुन्हा एकदा यंत्र फिरवा, कारण खाली दुसरी असू शकते. मग फडकं उचलून माती परत आत, वर तुकडा, आणि पायाने नीट दाबून बसवा. कोरड्या उन्हाळ्यात कापलेलं गवत पुन्हा रुजत नाही, अशा वेळी हिरवळ खणूच नका. निघालेला कचरा, कड्या, खिळे, काचा, सगळं पिशवीत घालून घेऊन जा. मालकाला ती पिशवी दाखवा. तिच्यामुळे पुढच्या परवानग्या मिळतात.

वस्तू खरोखर जुनी वाटली, किंवा एकापाठोपाठ एक नाणी येऊ लागली, तर हात थांबवा. हे लिहायला सोपं आहे आणि त्या क्षणी करायला फार कठीण, म्हणून आत्ताच ठरवून ठेवा.

1992 मध्ये इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात हॉक्सन गावच्या एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला. त्याचा मित्र एरिक लॉज तो शोधायला डिटेक्टर घेऊन गेला आणि त्याला चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने, नाणी लागू लागली. थोडी वर काढल्यावर तो थांबला आणि त्याने अधिकाऱ्यांना कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी तो ठेवा पद्धतशीर खणून काढला: सुमारे 15,000 रोमन नाणी आणि सोन्याचांदीच्या कितीतरी वस्तू. पण मला मोलाचं वाटतं ते वेगळंच. वस्तू जागच्या जागी राहिल्यामुळे कळलं की हे सगळं एका लाकडी पेटीत, आतल्या छोट्या पेट्यांमध्ये व्यवस्थित लावून ठेवलेलं होतं. पेटी कुजून गेली होती. बिजागऱ्या, कुलपं आणि वस्तूंच्या जागा यांवरून ती पुन्हा उभी करता आली. लॉजने घाईघाईत सगळं उपसलं असतं तर सोनं तेवढंच मिळालं असतं आणि पेटी कायमची नाहीशी झाली असती. बक्षिसाची मोठी रक्कम त्याला मिळाली आणि त्याने ती शेतकऱ्याबरोबर वाटून घेतली. हातोडाही सापडला, तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

उलट उदाहरणंही आहेत. 2015 मध्ये इंग्लंडमधल्या हेरफर्डशरमध्ये दोघा डिटेक्टरवाल्यांना वायकिंग काळातला ठेवा सापडला. त्यांनी तो कळवला नाही, परस्पर विकायला काढला. 2019 मध्ये दोघांना तुरुंगवास झाला, पण अंदाजे 300 नाण्यांपैकी जेमतेम 30 हाती आली. त्यात तिथल्या वेसेक्स राज्याचा राजा आल्फ्रेड आणि शेजारच्या मर्सियाचा राजा चेओलवुल्फ यांच्या मैत्रीवर नवा प्रकाश टाकणारी नाणी होती; बाकीची काय सांगू शकली असती, ते कळायला आता मार्ग नाही. जर्मनीत नेब्रा इथे 1999 मध्ये चोरट्यांनी सोन्याचे सूर्य, चंद्र, तारे बसवलेली काशाची तबकडी अशीच उपटून काढली. सुमारे 3,600 वर्षं जुनी वस्तू. तिच्या कडेवर त्यांच्या अवजाराचा घाव आजही दिसतो.

म्हणून खिशात वही ठेवा. तारीख, जागा, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, किती खोल, मातीचा रंग, शेजारी काय होतं. हे तुम्ही साध्या बटणासाठीही लिहायला लागलात की छंदाला वजन येतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1997 पासून छंदिष्टांच्या अशा नोंदी एका सरकारी योजनेत जमा होतात. आजवर 15 लाखांहून जास्त वस्तू नोंदल्या गेल्यात आणि त्यावर संशोधन चालतं.

सापडलेलं नाणं घासू नका, मुळीच नाही. अंगठ्यानेही नाही, कारण त्यावरचा मातीचा कण सॅंडपेपरचं काम करतो. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, धातू पॉलिश हे सगळं लांब ठेवा. जुनं वाटत असेल तर आहे तसं, मातीसकट डबीत घालून जाणकाराकडे न्या. आजकालचंच असेल तर साध्या पाण्यात भिजवणं पुरे.

आणि मुलगी. तिला नक्की न्या, पण निघण्यापूर्वी एक नियम तिच्याकडून पाठ करून घ्या: लांबट, निमुळतं, मागे पंख असलेलं किंवा जड गोल लोखंडी काही दिसलं की हात लावायचा नाही, तुम्हाला हाक मारायची. जुन्या लढाईच्या आणि सरावाच्या मैदानांत न फुटलेले तोफगोळे शंभर वर्षांनीही जिवंत असतात. असं काही दिसलं तर जागा लक्षात ठेवून आलात त्याच वाटेने मागे फिरा आणि पोलिसांना कळवा. फोटोसाठीही जवळ जाऊ नका. दोघांनी हातमोजे घाला. काच आणि गंजका पत्रा रोजचाच असतो, तेव्हा धनुर्वाताची लस झालेली आहे ना तेही बघून घ्या.

पिनपॉइंटर आणि वही तिच्याकडे द्या. मुख्य यंत्र अकरा वर्षांच्या हाताला लवकर जड होतं, पण खड्ड्यातून वस्तू शोधून काढायचं काम मुलं आपल्यापेक्षा मन लावून करतात. पहिले काही दिवस खिळे, कड्या आणि झाकणंच निघतील हे तिला आधीच सांगून ठेवा. एका वेळी दोन तास पुरे. ती कंटाळायच्या आत घरी निघा.